दसऱ्याला येणारा टीव्ही

पहाटे नितीनचा फोन आला. "काकू, आई गेली." आणि माझ्या तोंडून काय निघावं... "अरे, टीव्ही दुरुस्त झाला होता का?" पलीकडून तो म्हणाला, "नाही." एवढंच. मी चूळ भरली, साडी बदलली आणि हरणीला त्याच्या घरी जायला रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर मनात आलं, लोक म्हणतील काय, जाऊ गेल्याचं कळलं आणि ही बाई टीव्हीची चौकशी करते. पण त्या घरातला तो शेवटचा पंधरवडा ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. तिथे दुसरा प्रश्नच उरला नव्हता.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, नितीनची आई. मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा आम्ही सगळे दांडिया बाजारात एकाच छपराखाली होतो. सासरे जुन्या संस्थानी नोकरीतले, घरात शिस्त म्हणजे शिस्त, आणि त्या शिस्तीच्या किल्ल्या वहिनींच्या कमरेला. मी सातवीतून शाळा सोडलेली, पण हाताला लागेल तो कागद वाचायची, भजी बांधून आलेलासुद्धा. वहिनींनी महिन्याभरात माझी ओळख शेजारणींना करून दिली ती अशी, "शिकलेली नाही, पण वाचते फार. म्हणजे घरकामातूनही गेली आणि नोकरीतूनही." सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. हीच तर पंचाईत होती त्यांची. बोचायचं आणि वर आवडायचं. एकदा हळदीकुंकवात एका बाईंना त्यांनी अगदी मायेने विचारलं, "तुमचा मुलगा दिसत नाही हल्ली गल्लीत... पास झाला की काय?" मुलगा दोनदा नापास झालेला साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या बाई पुढे आमच्या घरची पायरी चढल्या नाहीत, पण हे वाक्य त्यांच्याच जावेने सगळीकडे सांगितलं.

माझे हे गेले तेव्हाची गोष्ट. सगळ्या बायका माझ्याभोवती बसून डोळे पुसत होत्या, आणि वहिनींनी ताट आणून पुढ्यात ठेवलं. "रडून झालं की जेव. भाजी खारट आहे, पण ती तुझ्या नणंदेने केलीय, त्यात तुझे अश्रू नाहीत." मी त्या दिवसांत हसले असेन तर तेवढंच. आता अशा बाईला चांगलं म्हणायचं की वाईट, ते मी ठरवत बसत नाही.

नितीनने लग्न केलं ते करजणच्या हर्षाशी. दोघं सावली गावाकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते, तिथे जमलं. गुजराती मुलगी, गोरी, चष्मा लावणारी, बोलायला गोड. तिने पहिल्या दिवशी वहिनींना "मम्मी" म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "मम्मी तुझ्या करजणला राहिल्या. इथे आई आहे." तिचं मराठी वहिनींनी केलं, असं मी नेहमी म्हणते. शिकवून नाही, टोमणे मारून. एकेक टोमणा समजून घेण्यासाठी ती पोरगी संध्याकाळी माझ्याकडे यायची. "काकी, 'शेंडा ना बुडखा' एटले काय?" मी अर्थ सांगायची. अर्थ कळला की तिचा चेहरा उतरायचा, मग ती म्हणायची, "सारुं, कळलं."

तिचा पहिला पक्षपंधरवडा आला. आमच्याकडे पितरांच्या त्या दिवसांत नवी वस्तू घरात येत नाही. तशी ती बहुतेकांकडे येत नाही, पण वहिनींकडे नियम म्हणजे पोलादी. नेमका त्याच वेळी हर्षाचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली आला. एक काडी तुटली, एका काचेला तडा गेला. नितीन म्हणाला, आज संध्याकाळी नवा करून आणतो. वहिनी म्हणाल्या, "घटस्थापना झाली की आणा. तोवर दोरा बांधा." नितीन गप्प बसला. आईपुढे गप्प बसणं हा त्याचा जन्माचा धंदा. मग ती नवी सून कानाला दोरा बांधून, तडकलेल्या काचेतून बघत, नितीनच्या वडिलांच्या श्राद्धाचे वडे तळत होती. अंदाज चुकला आणि तेल मनगटावर उडालं. पंगतीत कुणीतरी विचारलं, हाताला काय झालं? वहिनींनी आमटी वाढता वाढता सांगितलं, "आमच्या सुनेची नजर जरा उंच असते. कढईपर्यंत पोचत नाही." पंगत हसली. हर्षाला तोवर तेवढं मराठी येऊ लागलं होतं. तिने वडे वाढले, प्रत्येकाला आग्रह केला. त्यानंतर ती अर्थ विचारायला माझ्याकडे आली नाही.

वर्षं गेली. दोन मुलं झाली, हरणीला सोसायटीत घर झालं, किल्ल्या हळूहळू हर्षाकडे गेल्या. वहिनींनी दिल्या असं नाही, वहिनींचे गुडघे गेले आणि किल्ल्या आपोआप सरकल्या. वहिनींना मागची खोली मिळाली आणि त्या खोलीत टीव्ही. घरात टीव्ही तो एकच, पण त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता. संध्याकाळी त्यांची एक मालिका असायची, तिच्यात एक दुष्ट सासू होती. सुनेला जिन्यावरून ढकलायची, दुधात काही कालवायची. मी तिला शिव्या द्यायची आणि वहिनी कपाळाला हात लावायच्या. "हिला अक्कल नाही गं. एवढे डोळे वटारून कुणी छळ करतं का? छळ करायचा तर हसून करावा, नियमाला धरून करावा. समोरच्याला तक्रार करायला जागा ठेवू नये." हर्षा तिथेच बसून भाजी निवडत असायची. ती म्हणायची, "हो ने आई."

या वर्षी पावसाळ्यात वहिनींचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी पाठवलं आणि नितीनला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. आता त्यांच्या दिवसाला टीव्हीशिवाय आधार नव्हता. वाचता येईना, बसता येईना, उशीवर डोकं टेकवून बघता तेवढं येई. आणि पक्षपंधरवडा लागायला एखादा दिवस असताना, मालिका चालू असताना, टीव्ही बंद पडला. चित्र गेलं, आवाज गेला, खालचा लाल दिवासुद्धा गेला.

मी दुसऱ्या दिवशी गेले तर तिघं त्या खोलीत. नितीन म्हणत होता, दुरुस्तीवाल्याला फोन केला होता, मॉडेल जुनं आहे, उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणतो. "त्यापेक्षा नवीनच घेऊ. आजच जाऊन आणतो." हर्षा वहिनींची चादर बदलत होती. चादरीचा कोपरा नीट खोचत ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आज पितर लागले ने. आईंच्या घरात या दिवसांत नवीन वस्तू येत नाही."

"मग दुरुस्त करू," नितीन म्हणाला.

"जुन्यावर कशाला खर्च? दसऱ्याला एक्स्चेंजमध्ये देऊ, मोठा आणू. आईंना नीट दिसेल एवढा. चालेल ने, आई?"

दसरा केव्हा आणि डॉक्टर काय म्हणाले, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींनासुद्धा. नितीन खिडकीकडे बघू लागला. वहिनी हर्षाकडे बघत राहिल्या, बराच वेळ... आणि मग हसल्या. "चालेल," म्हणाल्या. ती बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "चष्मा विसरली नाही हं. दसऱ्यापर्यंत मी पुरत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून तर दसरा म्हणते. आणि चूक काढायला जागा आहे का बघ कुठे? नाही. माझ्या हाताखाली तयार झाली ती."

मी स्वयंपाकघरात गेले आणि हर्षाला म्हटलं, "अगं, माणूस बोलाव ना. दुरुस्तीला पितरांची हरकत नसते." ती वहिनींसाठी मऊ खिचडी घोटत होती. एक सांगते, सेवेत त्या मुलीने काडीची कसर ठेवली नाही. अंघोळ, औषध, पाठीला पावडर, सगळं वेळेवर, सगळं हसून. ती म्हणाली, "काकी, त्यांना एकदा म्हणू देत, 'हर्षा, टीव्ही दुरुस्त करून घे.' मी त्याच दिवशी माणूस बोलावते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. नुसतं सांगितलं. एकदा मागू देत."

हे मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या घरात मी मागू?"

"वहिनी, तोंडातून पाच शब्द काढायचे."

"तूच काढ. तुला सवय आहे."

मी म्हटलं, माझ्या घरचा लहान टीव्ही आणून लावते. तर केवढ्या रागावल्या. "म्हणजे तिने दिला नाही म्हणून मी तुझ्याकडून आणवला असं होईल. तिला जिंकवायला आलीस की माझी सोय करायला?" नितीनने मोबाइलवर मालिका लावून पुढे धरली. वहिनींनी दोन मिनिटं बघून मोबाइल परत दिला. "तळहाताएवढी माणसं. यांचं दुःखही तेवढंच."

मग मी संध्याकाळी माझ्या घरी ती मालिका बघायची आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून हरणीला सांगायला जायची. माझं सांगणं त्यांना पसंत नव्हतं. "तू म्हणजे गुरुजींनी सामानाची यादी वाचावी तसं सांगतेस. ती रडली, तो आला, ते गेले. सासूचा चेहरा कसा होता ते सांग." मला ते जमत नसे. हर्षा दारात पाण्याचा पेला घेऊन उभी असायची, ऐकायची. एकदा वहिनींनी तिच्याकडे मान वळवली, ओठ हलले, मला वाटलं... आता म्हणतात. हर्षालाही वाटलं असावं, ती एक पाऊल आत आली. वहिनी म्हणाल्या, "पाणी गार आहे का माठातलं?" हर्षा म्हणाली, "माठातलंच आहे, आई." पेला दिला आणि गेली.

मी भेटले त्या शेवटच्या दुपारी त्यांना बोलताना धाप लागत होती, तरी हिशेब चालूच होता. "सर्वपित्रीच्या आसपास गेले ना, तर बघ. माझं सुतक. तेरावं दसऱ्याच्या पलीकडे जातं. आणू देत दसऱ्याला नवीन टीव्ही, बघतेच मी कसा आणतात." आणि हसायला लागल्या, हसता हसता खोकला आला, हर्षा धावत आली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. वहिनी तिच्याच खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या आणि कशाला हसतात ते तिला सांगत नव्हत्या.

सर्वपित्रीच्या आदल्या पहाटे गेल्या. दसरा सुतकात गेला. दहाव्याला कावळ्याने वाट बघायला लावली नाही, पिंड ठेवला आणि शिवला. नितीनला बरं वाटलं, आईची काही इच्छा राहिली नाही म्हणून. राहील कशी? त्या जिंकल्या होत्या.

तेराव्यानंतर मुलं कंटाळली. नितीन म्हणाला, आता दिवाळीला टीव्ही आणू. हर्षाने मान हलवली. "वरसभर या घरात नवीन काही येणार नाही. आईंचा नियम." मग कुणी न सांगता तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मी तिथेच होते. त्याने मागचं झाकण उघडलं, आतला नखाएवढा एक भाग बदलला, चहासुद्धा घेतला नाही आणि गेला. गॅसवर ठेवलेलं दूध अजून वर आलं नव्हतं. हर्षा माझ्याकडे न बघता म्हणाली, "लहानच काम होतं, काकी." मी "हो" म्हटलं.

तिने टीव्ही लावला आणि सगळं घर दचकलं. शेवटी शेवटी वहिनींना टीव्हीतलं ऐकू फार कमी येई, त्यांनी आवाज पार वर नेऊन ठेवला होता. तो तिथेच राहिलेला. खिडकीची काच थरथरली, धाकट्याने कानात बोटं घातली, शेजारच्या बेन गॅलरीत आल्या, नितीन बाहेरच्या खोलीतून धावत आला आणि दारात थबकला. आईच बघतेय, वाटलं असेल त्याला, क्षणभर. हर्षा वहिनींच्या पलंगाच्या कडेला बसली, रिमोट घेतला आणि आवाज कमी करायला लागली. हळूहळू, एकेक करत. काच थांबली. माणसं बोलताहेत एवढं उरलं, मग कुजबुज, मग तेही गेलं, नुसती तोंडं हलत राहिली. आता कमी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तिचा अंगठा बटण दाबतच राहिला.