तिने मावशी अशी हाक मारली

तीस वर्षं मी चंद्रपूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं. घरात कोणी तापानं फणफणलं तर मी आधी थर्मामीटर शोधते, अंगारा नाही. तरीही हे लिहितेय, कारण जे घडलं ते माझ्याच तोंडून घडलं... आणि मला त्यातलं निम्मंच आठवतं. उरलेलं बाबांनी सांगितलेलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. बाबा आलापल्लीला लाकडाच्या डेपोत मुनशी होते. दिवाळीनंतर मुंबईहून एक सिनेमा कंपनी जंगलात शूटिंगला आली. त्यांच्यासोबतची बालकलाकार मुलगी आजारी पडून परत गेली, म्हणून डेपोतल्या मुली बघितल्या आणि मला निवडलं. मी सहा वर्षांची. काम एवढंच — जंगलात हरवलेली मुलगी सापडते, धावत जाते आणि "आई" म्हणून बिलगते. आई झालेल्या नटीचं नाव सांगत नाही. सगळे तिला बाईसाहेब म्हणायचे.

दोन तालमी नीट झाल्या. टेकच्या वेळी मी धावले आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबले. बाबा कॅमेऱ्यामागे उभे होते. ते सांगायचे, आवाज माझाच होता, पण बोलणं माझं नव्हतं.

"मावशी, मला पाणी देत नाहीत गं."

आमच्या घरात "मले" म्हणायचे. "मला" तोवर माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं.

दिग्दर्शक वैतागले, म्हणाले मावशी नाही, आई म्हण. बाईसाहेब मात्र गुडघ्यांवर बसल्या. कोण पाणी देत नाही, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "मले नाई मालूम." हे मात्र मला आठवतं, कारण त्यांनी माझे दोन्ही दंड धरले होते आणि मला वाटलं, आता मार बसणार.

त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुण्यात माझी मुलगी आहे. लोकांना कळू नये म्हणून मला मावशी म्हणायला मीच शिकवलंय तिला. निघाले तेव्हा तिचं पोट दुखत होतं. गाडी काढा."

त्यांना मूल आहे हे युनिटमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. ऊन कलत होतं. दिग्दर्शकांनी हात जोडले — एवढा एकच शॉट द्या, मग जा. त्यांनी दिला. मी "आई" म्हणाले, त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की माझा श्वास अडकला. कट म्हटल्यावरही त्या सोडेनात. मग तोंडावरचा रंग न पुसता जीपमध्ये बसल्या आणि बल्लारशाहला रेल्वे गाठायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी डेपोत त्यांच्या नावाची तार आली. मुलगी आदल्या दिवशी दुपारी गेली होती.

महिन्याभराने बाबांना त्यांचं पत्र आलं. मुलीच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही असं बजावलं होतं. पोर शेवटपर्यंत पाणी मागत होती. चारच्या सुमारास गेली. आमचा शॉटही त्याच सुमाराचा. पत्राच्या शेवटी त्यांनी एकच विचारलं होतं — मी शेवटी जिला कवटाळलं, ती तुमची मुलगी होती की माझी?

बाबांनी मला जवळ बसवलं. "पोरी, तुले काई आठवते का त्या वक्ताचं?"

मी नाई म्हणाले. त्या मिठीतला मला खरंच फक्त त्यांच्या पावडरचा वास आठवत होता.

तो सिनेमा आमच्याकडे कधी आला नाही. पूर्ण झाला की नाही, तेही कळलं नाही. योगायोग म्हणावा तर "मावशी" कुठून आलं? मी त्या शॉटमध्ये होते, आणि तरी मला सांगता येत नाही.

बाबा दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरले. मग पोस्टकार्डावर एकच ओळ लिहिली — "बाईसाहेब, ती तुमचीच होती."