आठ नंबरवरचा अंगठा

माझी शिंक जुळे सोलापुरात प्रसिद्ध होती. पहिलीला कुत्री भुंकायची, पाचवीला शेजारीण खिडकी लावायची. शेवटी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. नर्सबाईंनी हातावर नंबर घातले, प्रत्येक नंबराशी धूळ, परागकण, जनावरांचे केस असा एकेक संशयित टोचला आणि बजावलं, "पंधरा मिनिटं थांबा. फुगेल तो गुन्हेगार."

शेजारी होटगीचे एक आजोबा तसाच हात पसरून बसले होते. डोळे लाल, श्वासाला शिट्टी. पण दुसऱ्या हाताचा अंगठा आठ नंबरवर घट्ट.

"काय झाकताय?"

"म्हशीचा नंबर हाय," ते कुजबुजले. "फुगला तर पोरगं इकतंय तिला. लई गुणाची हाय की!"

नर्सबाई आल्या. "अंगठा काढा, आजोबा."

"ऱ्हाऊ द्या की बाई. जन्मभर शिंकतो मी."

अखेर अंगठा निघाला. आठ सपाट! फुगला होता तीन नंबर, गादीतली धूळ.

आजोबांनी तिथूनच घरी फोन लावला. "गादी टाक उकिरड्यावर! आन् म्हशीच्या कानात सांग, सुटलीस म्हणावं."

माझाही तीनच फुगला होता. गादी बदलली, औषध लागू पडलं, शिंका थांबल्या. फक्त बायकोच्या हातावर माझा नंबर असता, तर तिनं असा अंगठा दाबून धरला असता का, हे तिला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.