होर्पिनामावशी शेळी झाली तो दिवस

सोव्हिएत राज्य होतं तेव्हा आमच्या युक्रेनी गावच्या सामुदायिक शेतीच्या कचेरीत होर्पिनामावशी टायपिस्ट होती. किती गायी, किती दूध, किती बीट, सगळं रशियनमध्ये, कारण कचेरीच्या यंत्राला आमची युक्रेनी अक्षरं पुरती नव्हतीच. नाकासमोर चालणारी बाई. तोवर लग्न केलं नव्हतं, कुणाशी भांडली नव्हती.

लुक्यान गुरुजींना शाळेतून काढलं आणि ही बाई बदलली. गुरुजींनी वर्गात बंदी घातलेल्या युक्रेनी कविता वाचल्या होत्या. ‘राष्ट्रवादी’ असा शिक्का बसला आणि ते दवाखान्याच्या भट्टीत कोळसा ओढायला लागले. तिथे बसून स्वतःच कविता लिहू लागले. मावशी दवाखान्यात खोकल्याचं औषध आणायला गेली ती त्यांची वही घेऊन परतली.

जेवणाच्या सुट्टीत अध्यक्ष घोरायचे, तेव्हा ती पातळ कागदांमध्ये कार्बन घालून त्या कवितांच्या एका वेळी पाच प्रती काढायची. आमच्या एका अक्षरावर दोन ठिपके असतात. यंत्रात ते अक्षरच नाही. मग ती एकचा आकडा टाइप करून वर सुईनं शाईचे दोन ठिपके द्यायची, प्रत्येक प्रतीवर, शेकडो ठिकाणी.

मी म्हटलं, “ठिपके नसले तर काय बिघडतं गं?”

“तुझ्या नाकाला भोकं नसती तर काय बिघडलं असतं?”

त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत मलांकाचा सण आला. त्या दिवशी गावभर सोंगं फिरतात. वरच्यांना ते खुपायचं, म्हणून कागदोपत्री आम्ही त्याला ‘हिवाळी लोककला’ म्हणायचो. मी मिशा लावून नवरदेव झाले होते. शेळी होणारा तोदोसी तापानं पडला होता आणि शेळीचं कातडं अस्तर शिवायला मावशीकडे आलं होतं. मी ते न्यायला गेले, तेवढ्यात टपालवाली युस्तीना धापा टाकत आली.

“जिल्ह्याच्या गुप्त पोलिसांची जीप आलीय. टायपिस्टचं घर विचारताहेत.”

मावशीनं दाराला कडी घातली. पलंगाखालच्या पाचही प्रती काढल्या, कातड्याच्या अस्तरात कोंबल्या, हातभर टाके घातले आणि कातडं स्वतःच्या अंगावर ओढलं.

“मावशी, शेळीला नाचावं लागतं.”

“ठाऊक आहे. ढोलवाल्याला बोलाव.”

ढोलवाल्यामागून सोंगांची सगळी टोळी अंगणात जमली, आम्ही बाहेर आलो आणि जीप फाटकासमोर येऊन उभी राहिली. गुबगुबीत गालांचे एक तरुण साहेब उतरले. “होर्पिना कुठाय?”

“ती असल्या चाळ्यांत नसते, साहेब,” मी मिशीला पीळ देत म्हटलं. “कचेरीत बघा.”

त्यांची दोन माणसं घर उचकायला आत गेली. साहेब अंगणातच थांबले, म्हणजे आम्हालाही हलता येईना. ढोल वाजायला लागला आणि मावशी नाचली. अशी नाचली की मीच आ वासून बघत राहिले. शिंगं हलवत, लाथा झाडत, अस्वल झालेल्याला ढुशा देत. मग रीतीप्रमाणे शेळी धाडकन बर्फात पडून मेली.

मेलेल्या शेळीला घरच्या मालकानं उठवायचं असतं. मालकीण तर शेळीच्या पोटात. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“साहेब,” मी म्हटलं, “आता घराचा ताबा तुमच्याकडे. म्हणजे मालक तुम्हीच. शेळीच्या कानात फुंकर घाला.”

 मग मागून एक म्हातारी फिसकन हसली आणि सगळ्या अंगणात हशा पिकला. साहेबांचे गाल लाल झाले, पण शेवटी तेही कुठल्यातरी खेड्यातलेच. ते वाकले. कातड्याला हात लागला तशी आत कागदांची सळसळ झाली.

“आत काय वाजतंय?”

“मक्याचा पाला. त्याशिवाय एवढी गुटगुटीत दिसेल का?”

त्यांनी फुंकर घातली. शेळी उठली, त्यांच्या पोटात हलकी ढुशी मारली आणि कोपराला धरून त्यांना दोन गिरक्या घ्यायला लावल्या. तेवढ्यात आतली माणसं दुधाच्या हिशेबांची एक फाईल घेऊन बाहेर आली. बाकी काही सापडलं नव्हतं.

जीप दिसेनाशी झाली तेव्हा मी कातडं वर केलं. मावशी रडतेय असं वाटलं. ती हसत होती, उचक्या देत, डोळ्यांतून पाणी गाळत.

“काढ आता ते,” मी म्हटलं.

“का? अजून सतरा घरं बाकी आहेत.”

सतराही घरं नाचली. प्रत्येक घरी आलुबुखाराची दारू, प्रत्येक घरी एकदा मरण. नदीपलीकडच्या गावात माझ्या मावसभावानं अस्तर उसवलं आणि कविता रेल्वेनं ल्वीव शहरात गेल्या.

दोन वर्षांनी गुरुजींना नेलंच. तीन वर्षं छावणीत काढून आले ते अर्धे दात तिथेच ठेवून. मावशी स्टेशनवर गरम आंबोळ्या घेऊन गेली होती. चावता येईना म्हणून तिनं त्या दुधात कुस्करून दिल्या, आणि महिन्याभरात त्यांनी लग्न केलं. ती तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. सहीच्या वेळी दोघंही इतकी हसली की नोंदणीवाल्या बाईनं दारूचा वास येतो का ते पाहिलं.

देश स्वतंत्र झाल्यावर शाळेनं अडुसष्ट वर्षांच्या गुरुजींना परत बोलावलं. पहिल्याच तासाला मावशी मागच्या बाकावर जाऊन बसली आणि कर्रकन सफरचंद खाऊ लागली. मुलांनी तक्रार केली.

गुरुजी म्हणाले, “तिला बाहेर काढायची माझी छाती नाही. तुमच्यात कुणाची असेल तर बघा.”