भोंग्याशिवायची दुपार

उलव्यात समोरच्या प्लॉटवर नव्या इमारतीच्या पायाचे खांब जमिनीत ठोकायचं पायलिंग चालतं तेव्हा आमच्या मांडणीतले स्टीलचे पेले किणकिणतात. परवाही किणकिणले, आणि आईची ती दुपार आठवली.

माझ्या लहानपणी आमच्या गावामागचा डोंगर सुरुंग लावून फोडत होते. आधी भोंगा वाजायचा, मग भांडी पडू नयेत म्हणून आई मांडणीला दोन्ही हात लावून उभी राहायची. त्या दुपारी भोंगा न वाजताच भांडी हलली.

"आज भोंगा वाजवायला इसरले वाटतं," म्हणत आईने मांडणी धरली. मीही धरली. डब्यांची थरथर तळव्यांत शिरत होती, कौलांतून माती गळत होती, आणि भीती अशी वाटलीच नाही.

संध्याकाळी पनवेलहून मामा धापा टाकत आला. "भूकंप झाला. तुमी भायेर नाय आलात?"

आई गोंधळून म्हणाली, "आमी भांडी धरून होतो."

कुणी काही फोडलं नव्हतं, जमिनीच्या पोटातले खडक आपले आपण सरकले होते. हे मला नीट समजायला वर्षं गेली.

आता तो डोंगर नाही, आईही नाही. परवा पेले किणकिणले तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, तर पायलिंगचं मशीन बंद होतं. मग हे काय होतं? दाराकडे पळायला हवं, हे कळत होतं. माझे दोन्ही हात मात्र मांडणीवर होते.