पांढरा बैल

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, म्यूटवर. नर्स हळू आवाजात म्हणाली, "आय ॲम सो सॉरी..." आणि स्क्रीनवर कुणीतरी माझ्याकडे रिपोर्ट मागत होतं. माझे सासरे अण्णा गेले त्याला आता पाच आठवडे होतील. लॉकडाऊनमुळे शेवटी भेटूही दिलं नाही. मला त्यांच्याशी एक गोष्ट बोलायची होती, ती राहिलीच. म्हणून इथे लिहितेय. छापून आलं की माझ्या नवऱ्यालाही कळेल.

फलटणच्या शाळेत जन्मभर ड्रॉइंग शिकवलेला हा माणूस तीन महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात, कॅनबेरातल्या गुंगालिनला आला आणि बॉर्डर बंद झाल्यावर आमच्याकडेच अडकला. खरं सांगते, आमचं फार जमायचं नाही. मी दिवसभर लॅपटॉपसमोर आणि हे दर अर्ध्या तासाने दारात, "सुनबाई, एक विचारू का?" डोकंच फिरायचं माझं.

शेजारी लिंग राहते. तिची आई, जिला सगळे पोपो म्हणजे आजी म्हणतात, तीही अण्णांसारखीच इथे अडकलेली. पोपोचा नवरा तिकडे चीनमध्ये व्हेंटिलेटरवर, त्यामुळे बाईच्या हातातून फोन सुटायचा नाही. त्यांचं येणारं चिनी नवं वर्ष बैलाचं होतं. सणाला मुलं प्राण्यांची सोंगं घेणार होती. लिंगचा मुलगा जेसन बैल होणार, बाकीची मुलं वाघ, ससे, कोंबडे. लिंगने बैलाचं डोकं अण्णांना करायला सांगितलं. अण्णा काय खूश! कागदाचा लगदा केला, पोळ्याला करतात तशी शिंगांना बेगड लावली, गोंडे बांधले. अडलं फक्त रंगाशी. "सुनबाई, त्यांच्यात कुठला रंग चालतो, जरा विचारून येतेस?" माझी डेडलाइन होती. "विचारलंय मी. पांढराच करा, खिलारी शोभून दिसेल," मी ठोकून दिलं. विचारलं-बिचारलं काही नव्हतं.

सणाच्या दुपारी लिंगच्या दारात लाल कंदील, लाल पताका... अण्णांनी कौतुकाने तो पांढराशुभ्र बैल पुढे केला आणि पोपोच्या हातातली संत्री जमिनीवर घरंगळली. "अंकल, व्हाइट इज फॉर फ्युनरल्स," लिंग कशीबशी म्हणाली. पोपोने फोन छातीशी धरला. आता बोलावं, आता बोलावं... तोंडच उघडेना. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "माय मिस्टेक. व्हेरी सॉरी. वन अवर, प्लीज."

घरात लाल रंगाचा टिपूस नाही आणि नवरा गाडी घेऊन गेलेला. अण्णांनी देवघरातलं कुंकू डिंकात कालवलं. बैलाचं तोंड झालं, कपाळ आणि कान राहिले. घड्याळ पुढे पळत होतं. अण्णा उठले, बॅगेतून सासूबाईंचा करंडा घेऊन आले. त्या गेल्यापासून त्यांनी तो कुणाला उघडू दिला नव्हता.

"अण्णा, त्यातलं नको ना..."

"अगं, त्या पोपोचा नवरा जिवंत आहे अजून," ते म्हणाले आणि करंडा वाटीत पालथा केला.

तासाभराने जेसन लाल बैल होऊन अंगणभर उधळला. पोपोने बैलाच्या कपाळावरून हात फिरवला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पुढे तिचा नवरा बरा होऊन घरी गेला. बैलाचा त्याच्याशी काही संबंध नाही हे मला कळतं, पण पोपोला कोण सांगणार! अण्णा मला त्या दिवसाबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. मीही नाही. दोघं एका टेबलावर जेवत राहिलो.

गेल्या आठवड्यात बेल वाजली. मास्क लावून जेसन आणि पोपो ड्राइव्हवेवर उभे होते. पोपोच्या हातात तेच डोकं, आणि दोन्ही शिंगांना पांढरी फीत बांधलेली. "पोपो सेज, नाऊ व्हाइट इज ओके," जेसन म्हणाला. मला रडू आवरेना. त्याला म्हटलं, पोपोला सांग, त्या दिवशीचा पांढरा माझा होता. अण्णांनी विचारून ये म्हटलं होतं, मी गेलेच नाही. त्याने सांगितलं. पोपोने ऐकून घेतलं आणि डोकं पायरीवर ठेवलं.

ते डोकं आता अण्णांच्या खुर्चीत आहे. शेजारी रिकामा करंडा, तो मी धुतलेला नाही. मीटिंग चालू असते आणि दर अर्ध्या तासाने माझी नजर आपोआप दाराकडे जाते.

विचारा ना, अण्णा...