वरचं बंद

दवाखान्यापासून अर्धी वाट सरली, तरी धाकटी जाऊ झपाझप पावलं टाकत होती. थोरली तिच्या पावलाला पाऊल जुळवत चालली होती. थोरलीच्या पिशवीत डॉक्टरीणबाईंची जुनी चिठ्ठी होती.

धाकटी छापखान्यात वह्या शिवायची. लहानपणापासून तिला फिट यायच्या, पण रोजच्या गोळीने सात वर्षं त्या दबून होत्या. थोरली शाळेच्या कार्यालयात कारकून, म्हणून घरातला प्रत्येक कागद तिनेच वाचायचा. "आमचं वाचनालय," धाकटी चिडवायची, "रविवारीसुद्धा उघडं."

बाळंतपणानंतरची चिठ्ठीही तिनेच वाचली. पहिल्या ओळीत फिटची गोळी, खाली डॉक्टरीणबाईंचं गिचमीड अक्षर: 'वरचं बंद. अंगावरचं चालू.' थोरली समजली, वरच्या ओळीतली गोळी बंद. दुधातून बाळाला उतरत असेल. देवाचं नाव घेऊन तिनेच गोळ्या कपाटात टाकल्या.

नवव्या दिवशी पाजता पाजता धाकटीला फिट आली. बाळ मांडीवरून पडलं, खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचला हीच देवाची कृपा. हाडाच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करायला लावली. सासूबाई म्हणाल्या, "गोळी खाते ना? मग पाजायचं नाही अन् उचलायचंही नाही." बाळ आणि बाटली थोरलीकडे आली. महिन्याभरात धाकटीचं दूध आटलं.

आज डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाहून कपाळाला हात लावला. "अहो, वरचं म्हणजे वरचं दूध. ही गोळी घेऊन पाजायला हरकत नव्हती, म्हणून तर लिहिली. अशी गोळी मनाने बंद करतात का? एकदा विचारायचं तरी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता बाळाला सारखं छातीशी लावून बघा. खाली बसून, कुणीतरी शेजारी असू द्या. दूध येईल कदाचित, खात्री नाही."

लाकडाच्या वखारीपाशी थोरलीचे पाय थबकले. "मी आज घरी सगळं सांगणार. चूक माझी, अन् भोगतेयस तू."

"देवाला सांगा. आईंना नको."

"अगं, पण का?"

"तुमच्याकडूनही त्यांनी बाळ काढून घेतलं, तर मला कोण देईल?" धाकटीने पदराने नाक पुसलं. "मीच गोळी विसरले म्हणा. अन् ताई, दुपारी आई झोपल्या की माझ्याशेजारी बसा, आणि बाळाला थोडा वेळ माझ्या मांडीवर द्या."