आधीची बरी की आत्ताची?

नंबरबाईंना तोंडावर कुणी नंबरबाई म्हणत नसे. पण पाठीमागे म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना थोडं कौतुकही होतं. बसथांब्यासमोर त्यांचं चष्म्यांचं दुकान. पुढे फ्रेमांची कपाटं, मागे पडद्याआड एक लांबट खोली, तिच्या एका टोकाला उंच खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच घालायची, ती काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "आधीची बरी की आत्ताची?" उभा जन्म या एका प्रश्नावर गेला. त्याच्याच जोरावर त्यांनी घर बांधलं, मुलाला शिकवलं आणि गुडघे धरून बसायची वेळ येईपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

धंद्यात त्यांना चीड होती ती एकाच माणसाची, भिडस्त गिऱ्हाइकाची. भांडखोर परवडला, थापाड्याही परवडला. पण भिडस्त माणूस बाईंना वाईट वाटू नये म्हणून प्रत्येक काचेला "छान दिसतंय" म्हणतो, भलताच नंबर घेऊन जातो आणि महिन्याभरात डोकं धरून परत येतो. "तुम्ही डोळे तपासायला आलात की मला खूश करायला?" असं त्या अशांना फाडकन विचारत.

आणि घरात मात्र ह्याच बाई इतक्या भिडस्त की सोय नाही.

त्याला कारण त्यांच्या सासूबाई. "हिला पाणीसुद्धा धड तापवता येत नाही," असं त्या माउलीने एकदा चारचौघांत सांगितलं होतं. आता पाणी तापवण्यात चुकून चुकणार काय? पण चुकलं होतं म्हणे. त्या दिवशी नंबरबाईंनी मनाशी गाठ मारली, की आपल्या घरात सून येईल तेव्हा तिला कधी नावं ठेवायची नाहीत. यथावकाश सून आली. तिने केस कापले, छान. तिने दिवाणखान्याला डोळ्यांत खुपणारा पिवळा पडदा लावला, तोही छान. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला निम्मा काळ पाण्यावर. त्यामुळे घरात सासू, सून आणि नंबरबाईंचे यजमान अशी तीनच माणसं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच म्हणतात, पण या घरातली भांडी एकमेकांपासून हातभर लांब ठेवलेली. आवाज म्हणून नव्हता. नंबरबाईंना वाटे, संसारात याहून जास्त काय मागायचं?

मग एके दिवशी सुनेने औषधांच्या कंपनीतली प्रयोगशाळेची नोकरी सोडली आणि बेकरीच्या मागची शेड भाड्याने घेऊन ती चक्क बिअर करायला लागली.

"छान!" नंबरबाई म्हणाल्या, आणि सुनेची पाठ वळताच यजमानांकडे वळल्या. "अहो, बिअर?"

"थंड असते ना? मग चांगली असते," यजमान म्हणाले. बिअर या विषयावर त्यांचं एवढंच मत होतं आणि ते त्यांनी पुढेही कधी बदललं नाही.

नंबरबाई स्वतः सणासमारंभाला घोटभर घेणाऱ्यांतल्या. पण सून घरी बाटल्या आणायची, टेबलावर छोटे ग्लास मांडायची, बिअरच्या या दोन जाती, ही लागर आणि ही एल, असं समजावून द्यायची. मग चव घेणं आलंच. नंबरबाईंनी नावावरूनच काय ते ओळखलं. लागते ती लागर! म्हणून त्या लागरला नुसते ओठ लावून ग्लास बाजूला सारायच्या, आणि न लागणारी म्हणून एल मात्र निर्धास्त प्यायच्या. एल होतीही तशी, लालसर, पिकल्या फळांच्या वासाची, शेवटी जराशी कडू. नणंदेच्या वाढदिवसाला त्यांनी एलचे दोन मोठे ग्लास रिचवले आणि नवी फ्रेम घालून मिरवणाऱ्या नणंदेला, "वन्सं, घुबड दिसता हो अगदी," असं भरल्या घरात सांगून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेला हसू आवरेना. "अहो आई, लागर म्हणजे लागणारी नव्हे! जर्मन भाषेत लागर म्हणजे कोठार. थंडगार जागी बरेच आठवडे मुरत ठेवतात ना, म्हणून. एल उबेत होते, लवकर होते. आणि काल तुम्ही प्यायलात ती एल लागरच्या दुप्पट कडक होती."

"मग बाटलीवर तसं लिहावं माणसाने," नंबरबाई म्हणाल्या. नणंद पुढे बरेच दिवस फोन उचलत नव्हती. त्याचं मात्र त्यांना फारसं दुःख झालं नाही.

हळूहळू त्यांना त्यातलं कळायला लागलं. म्हणजे फार नाही, बेताचंच. बाजारातली मोठ्या कंपनीची लागर एका बाजूला, शेडमधली दुसऱ्या बाजूला, मध्ये खारे दाणे, असं शनिवारी संध्याकाळी बसून त्या आपलं मत बनवायच्या. लागर हा लांबचा नंबर आणि एल हा जवळचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. लागर घेताना चार माणसांशी गप्पा मारता येतात, खिडकीतून बाहेर बघता येतं. एल घेताना ग्लासातच बघावं लागतं, बारीक अक्षर वाचावं तसं. काळी एल त्यांना करपलेल्या पावासारखी लागे. अर्थात हे सगळं मनात. सुनेने विचारलं की उत्तर एकच, "छान आहे गं."

अशात नदीकाठच्या मोठ्या हॉटेलचे मालक शनिवारी शेडवर चव घ्यायला येतो म्हणाले. त्यांना हॉटेलसाठी रोजची अशी एक लागर हवी होती. त्यांनी घेतली तर शेड चालणार; नाही घेतली तर सून पुन्हा औषधांच्या कंपनीत अर्ज टाकणार, हे तिने स्वतःच जेवताना सांगितलं होतं. तिला झोप लागत नव्हती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तिने लागरचा ग्लास यजमानांपुढे ठेवला. "थंड आहे," ते म्हणाले. मग तो नंबरबाईंपुढे ठेवला.

"छान आहे."

सुनेने ग्लास उचलून घेतला. मग म्हणाली, "पडदापण छानच होता, आई. त्या पडद्याकडे तुम्ही अजून पाठ करून बसता."

नंबरबाईंनी मान वळवून पाहिलं. त्या खरोखरच पडद्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात सामसूम असताना सून बर्फाचा डबा घेऊन आली. तिने सासूबाईंना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, त्यांच्याच उंच खुर्चीत बसवलं, तपासणीची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि एक डोळा झाकायला वापरतात त्या काळ्या चकत्या तिने दोन्ही डोळ्यांवर घातल्या. मिट्ट काळोख झाला.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"दोन लागर आहेत. एक बाजारातली, एक माझी. कुठली कुठली ते तुम्हाला कळणार नाही, म्हणजे भीड पडायचा प्रश्नच नाही." ग्लासांचा किणकिणाट झाला. "हं. ही घ्या. आता ही. आधीची बरी की आत्ताची?"

त्या खुर्चीत बसून तो प्रश्न ऐकायची नंबरबाईंची ही पहिलीच वेळ. "आधीची," त्या म्हणाल्या.

ग्लासांची अदलाबदल झाली. "आता?"

"आत्ताची."

सुनेचा श्वास क्षणभर अडकला. दिसत काही नसलं तरी तो नंबरबाईंना स्पष्ट ऐकू आला, आणि आपण दोन्ही वेळा कुठल्या ग्लासाला नाही म्हटलं ते त्यांना कळून चुकलं. ग्लास तिसऱ्यांदा हातात आले. चव तर आता पाठच झाली होती. एका शब्दाने सगळं सावरता आलं असतं. पोरीला शनिवारपर्यंत धीर आला असता, घरातली शांतता शाबूत राहिली असती. आणि शनिवारी त्या हॉटेलवाल्याने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला असता. डोकं धरून परत येणारी माणसं त्यांनी काय कमी पाहिली होती?

"आधीची," त्या म्हणाल्या. "दुसरीला लोण्याचा वास येतो. बाहेर राहिलेल्या लोण्याचा. घोट गेल्यावर जिभेवर तेलकट राहतं."

नंबरबाईंनी फ्रेम काढली. सून दुसरा ग्लास नाकाशी धरून उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"मी चोवीस तास त्याच वासात असते," ती म्हणाली. "मला येतच नाहीये. लागर थंड करायच्या आधी थोडे दिवस उबेला ठेवायची असते, म्हणजे यीस्ट तो वास खाऊन टाकतं. शनिवार गाठायचा म्हणून मी घाई केली."

"माझं नाक म्हातारं झालंय गं. त्याचं काय मनावर घेतेस?"

"आता मागे फिरू नका," सून म्हणाली आणि डबा उचलून निघून गेली.

तिने हॉटेलवाल्यांना फोन करून मुदत मागून घेतली. ते कुरकुरले, पण पुढच्या आठवड्यावर कबूल झाले. टाकी पुन्हा उबेवर आणली, ताजं यीस्ट घातलं. ते दिवस नंबरबाईंना फार जड गेले. सून पहाटे जायची, आल्यावर दोन घास खाऊन आडवी व्हायची. बोलणं कामापुरतंच. आपल्या तोंडाने आपण शेवटी सासूच निघालो, असं वाटून नंबरबाईंचं मन खात होतं. एका गिऱ्हाइकाचा तर त्यांनी उजव्याचा नंबर डाव्याला लिहिला आणि त्याच्या मागे बसथांब्यापर्यंत धावत जावं लागलं. "पोरीला दुखावलं मी," त्या यजमानांना म्हणाल्या, आणि यजमानांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

ठरल्या दिवशी हॉटेलवाले आले. सून दिवेलागणीला परतली, ती चपलांसकट स्वयंपाकघरात.

"घेतली!" ती म्हणाली. "दुसरा ग्लास स्वतः मागून घेतला त्यांनी. लागर घेतली, आणि एलचंही एक पिंप ठेवून बघतो म्हणाले."

नंबरबाईंचे डोळे भरून आले. तोंडातून सवयीने "छा..." निघालं आणि त्यांनी ते तिथेच गिळलं. "मी त्या दिवशी जरा तोडूनच बोलले," त्या म्हणाल्या. "मनात ठेवू नकोस."

"ठेवणार!" सून ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, इतकी वर्षं तुम्ही मला सगळं छान म्हणत आलात. मी करपवलं तरी छान, मी विसरले तरी छान. सगळं छान पाहुण्यांना म्हणतात हो. घरच्यांना नावं ठेवतात. मी तर धरूनच चालले होते, की या घरात मी पाहुणीच राहणार."

नंबरबाई खुर्ची ओढून बसल्या. सुनेला जपायचं म्हणून त्या तोंड शिवून बसल्या होत्या, आणि ती मात्र इतकी वर्षं दाराबाहेर उभी होती. त्यांनी पदराने डोळे पुसले, सुनेचा हात धरून तिला शेजारी बसवलं, आणि घसा खाकरला.

"तो पडदा," त्या म्हणाल्या, "भयंकर आहे."

"माहितीये."

"ओला टॉवेल पलंगावर टाकतेस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून."

"तुम्ही आंघोळ करताना गाता ना," सून म्हणाली, "ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं. आणि बेसूर."

"बेसूर?" नंबरबाईंचा आवाज चढला. "मी? आणि तू दारं आपटतेस ते? घर हादरतं!"

"कारण ते दार अडकतं! बाबांना किती दिवस सांगतेय घासून घ्या म्हणून!"

आवाज ऐकून यजमान हातातलं वर्तमानपत्र घेऊन घाबरेघुबरे दारात आले. या घरात असं काही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "काय गं, काय झालं? भांडताय की काय तुम्ही?"

"हो," नंबरबाई म्हणाल्या. सुनेचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता. "आमच्या घरातलं भांडण आहे. तुम्ही मध्ये पडू नका."